घरात फ्लॅश वापरताना चेहऱ्याचा रंग का बिघडतो आणि तो खरा कसा आणावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "रात्री घरात कॅमेऱ्यावर फ्लॅश लावून माणसांचे फोटो काढतो. कधी चेहरे पांढरेफटक येतात, कधी पिवळे, तर कधी एकाच चेहऱ्याची एक बाजू नीट आणि दुसरी केशरी. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवून पाहिला, फ्लॅशच्या खुणेवर ठेवून पाहिला, नंतर संगणकावर स्लायडर सरकवून पाहिले. चेहरा सुधारला की मागची भिंत बिघडते. नेमकं काय चुकतंय?"

भिंत बिघडते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, कारण तिथेच खरं उत्तर आहे. तुमच्या फोटोत दोन वेगळ्या रंगांचे उजेड एकत्र आलेत. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० ते ६००० केल्विनचा, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या जवळचा. घरातला पिवळसर दिवा २७०० ते ३००० केल्विनच्या आसपास. डोळे आणि मेंदू मिळून हा फरक सांभाळून घेतात, म्हणून खोलीत बसलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा केशरी दिसत नाही. कॅमेऱ्याला ती सोय नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठल्या उजेडाला पांढरं धरायचं ते कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग, ही संपूर्ण फ्रेमसाठी एकच मोजपट्टी असते. ती फ्लॅशला लावली की दिव्याचा उजेड केशरी पडतो, दिव्याला लावली की फ्लॅशचा उजेड निळा पडतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसंच हे आहे. म्हणून मी गेली अनेक वर्षं माणसांचे फोटो काढताना पहिला निर्णय हाच घेतो: या चेहऱ्यावर राज्य कुठल्या उजेडाचं? बाकीची सगळी सेटिंग्ज त्यानंतर.

तुमचा एखादा बिघडलेला फोटो उघडा आणि शंभर टक्के मोठा करून फक्त हनुवटीखालची सावली बघा. नाकाच्या बाजूची सावलीही चालेल. थेट फ्लॅश जिथे पोहोचत नाही, तिथे खोलीचा उजेड एकटा उरतो. कपाळ आणि गाल ठीक दिसत असताना ही सावली विटकरी किंवा गाजरासारखी दिसली, तर पिवळ्या दिव्याचा उजेड मिसळलाय. सावली शेवाळी, आजारी वाटत असेल तर ट्यूबलाइट किंवा स्वस्तातला एलईडी आहे. सावली आणि गाल एकाच रंगाचे पण दोन्ही चुकीचे असतील तर मात्र आनंद माना. तिथे उजेड एकच आहे, फक्त व्हाइट बॅलन्स चुकलाय आणि तो नंतरही दुरुस्त होतो. मिसळलेल्या उजेडाचं तसं नाही. तिथे गालाला एक दुरुस्ती लागते आणि हनुवटीखाली दुसरी, आणि मग ब्रशने चेहरा रंगवत बसावं लागतं. ते काम मी केलंय. दहा फोटोंमागे अख्खी संध्याकाळ जाते आणि चेहरा शेवटी मेणाचा वाटतो.

यातून बाहेर पडायला दोन रस्ते आहेत. एक म्हणजे खोलीचा उजेड फोटोतून घालवायचा. दुसरा म्हणजे फ्लॅशला खोलीच्या रंगात आणायचं.

पहिला रस्ता सोपा आहे. फ्लॅशचा झोत सेकंदाच्या अगदी लहान भागात होऊन जातो, त्यामुळे शटर स्पीड बदलल्याने फ्लॅशच्या उजेडात फरक पडत नाही. फरक पडतो तो खोलीच्या उजेडात. अ‍ॅपर्चर (भिंगाचं तोंड किती उघडं, तो एफचा आकडा) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) दोन्ही उजेडांना बदलतात. नेहमीच्या घरगुती उजेडात आयएसओ ४००, एफ ५.६ आणि १/२०० ठेवलंत तर खोलीचा उजेड साधारण पाच स्टॉप खाली जातो. एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, पाच स्टॉप म्हणजे बत्तिसावा भाग, आणि एवढ्याशा उजेडाची रंगात लुडबुड जवळपास दिसत नाही. खात्री करायची असेल तर फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. फ्रेम जवळजवळ काळी आली पाहिजे. आली, तर आता चेहऱ्यावर जो रंग दिसेल तो फ्लॅशचाच. शटर मात्र तुमच्या कॅमेऱ्याच्या सिंक स्पीडच्या, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वांत जलद शटरच्या, वर नेऊ नका. तो बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०च्या आसपास असतो, आणि त्याच्या वर गेलात तर फ्रेमचा एक पट्टा काळा येतो.

याच रस्त्यावरचा त्याहून सोपा उपाय म्हणजे चेहऱ्याजवळचे दिवे बंद करणं. हा उपाय माणसांना सुचतच नाही, सगळेजण आधी मेनूत शिरतात. माणसाच्या डोक्यावरचा किंवा शेजारचा एक दिवा मालवला तरी निम्मं काम होतं. फोकस करण्यापुरता लांबचा एखादा दिवा राहू द्या.

यात तोटा हा, की मागची खोली काळोखी होते. गुहेत बसून काढल्यासारखा फोटो येतो. पासपोर्टसारख्या किंवा साध्या भिंतीसमोरच्या फोटोला ते चालतं. पण खोलीतली ऊब, मागचे दिवे, बसलेली माणसं हवी असतील तर दुसरा रस्ता धरावा लागतो, आणि माझं मन त्याच रस्त्यावर जास्त रमतं.

इथे लागते ती जेल, म्हणजे फ्लॅशच्या तोंडावर लावायची रंगीत पारदर्शक पट्टी. केशरी पट्टीला सीटीओ म्हणतात. पूर्ण सीटीओ लावली की फ्लॅशचा उजेड साधारण ३००० केल्विनच्या आसपास उतरतो, अर्धी लावली की ३८००च्या जवळ, पाव लावली की ४५००च्या जवळ. पिवळ्या दिव्यांच्या खोलीत पूर्ण सीटीओ लावा, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स हाताने ३००० ते ३२०० केल्विनवर ठेवा आणि आता शटर उतरवून १/५० करा, अ‍ॅपर्चर एफ ४, आयएसओ ८००. खोली चेहऱ्यापेक्षा साधारण एक स्टॉप खाली येते, दिवे तेवत दिसतात, आणि हनुवटीखालची सावली गालाच्याच कुळातली निघते. पहिल्यांदा हे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहाल तेव्हा फ्लॅश वापरलाय यावर तुमचाच विश्वास बसणार नाही. जेलमुळे फ्लॅशचा पाऊण-एक स्टॉप उजेड खाल्ला जातो, तेवढी ताकद वाढवा.

मी केल्विनचा आकडा खोलीच्या दिव्यापेक्षा मुद्दाम थोडा वर ठेवतो, म्हणजे दिवा ३००० असेल तर ३३००-३४००. त्यामुळे सगळी फ्रेम किंचित ऊबदार राहते. पिवळ्या दिव्याखालचं माणूस दुपारच्या उन्हात उभं असल्यासारखं पांढरंशुभ्र दाखवलं, तर मोजपट्टीने ते बरोबर असेल, पण त्या संध्याकाळचं ते चित्र नाही. नैसर्गिक म्हणजे मोजून बरोबर, असा अर्थ मी घेत नाही. ज्या जागेत माणूस बसलंय त्या जागेला शोभेल असा रंग, तो नैसर्गिक.

पांढऱ्या ट्यूबलाइटच्या किंवा एलईडीच्या खोलीत आकड्यांवर जाऊ नका. दिव्याच्या खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेलं असतं, म्हणून तो फ्लॅशशी जुळेल असं वाटतं. पण ट्यूबलाइटच्या उजेडात हिरव्याचा भाग जास्त असतो, आणि हलक्या प्रतीच्या एलईडीत गडद लाल फार कमी असतो. त्वचेची सगळी जान लालात असल्यामुळे अशा उजेडात माणूस तापातून उठल्यासारखं दिसतं. फ्लॅशवर हलकी हिरवी जेल लावून, मग टिंटचा (हिरवा-किरमिजी तोल बदलणारा) स्लायडर किरमिजीकडे नेऊन दोन्ही उजेड एकत्र दुरुस्त करता येतात. खरं सांगायचं तर अशा खोलीत मी बहुतेक वेळा पहिल्या रस्त्यालाच जातो. ज्या उजेडात लालच नाही, तो जपून तरी काय करायचं? आणखी एक भानगड आहे. असे बरेच दिवे विजेच्या लयीत लुकलुकतात. ५० हर्ट्झची वीज असेल तर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२० ठेवा. नाहीतर ओळीने काढलेल्या पाच फोटोंत खोलीचे पाच रंग निघतात.

आता खिडकीबद्दल. दिवसा खिडकीतून उजेड येतोय आणि आत पिवळे दिवेही चालू आहेत, अशा वेळी फ्लॅश धरून तीन उजेड होतात. दिवे बंद करा, जेल काढा, फ्लॅश आणि खिडकी दोघं आपसात जुळवून घेतात. नाहीतर पडदा ओढा आणि दिव्यांबरोबर राहा. मधला मार्ग शोधत बसू नका.

हे सगळं जुळवल्यावरही चेहरा बिघडवणारी एक गोष्ट उरते, आणि ती मला चांगलीच महागात पडली आहे. फ्लॅशचं तोंड छताकडे वळवून उजेड खाली आणणं, म्हणजे बाउन्स करणं, हा घरातल्या फोटोंसाठी उत्तमच उपाय. पण बाउन्स केल्यावर छत हाच तुमचा दिवा होतो आणि छताचा रंग हाच दिव्याचा रंग. एका कुटुंबाचा मोठा गटफोटो मी लाकडी छताच्या खोलीत असाच काढला. छोट्या पडद्यावर सगळं छान, ऊबदार वाटलं. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तर सगळे चेहरे काविळीसारखे. व्हाइट बॅलन्स दुरुस्त करत गेलो तसे कपडे निळे होत गेले, कारण छतावरून आलेला पिवळा उजेड डोक्या-खांद्यांवर जास्त होता आणि फ्लॅशच्या कडेने सुटलेला पांढरा उजेड पुढच्या रांगेतल्या कपड्यांवर. त्या दिवसापासून खोलीत शिरल्यावर मी आधी वर बघतो. छत पांढरं असेल तर बाउन्स. जुनं, पिवळट पांढरं असेल तरी बाउन्स, पण व्हाइट बॅलन्स त्या उजेडातच मोजून. लाकूड किंवा गडद रंग असेल तर बाउन्स विसरा आणि पांढरी छत्री नाहीतर सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी) घ्या. भिंतींचंही तेच. हिरव्या भिंतीला चिकटून बसलेल्या माणसाचा एक कान हिरवा येतो. त्याला तिथून दोन पावलं पुढे आणा. लालभडक कपड्याची झाक हनुवटीखाली चढते, तिथे तर तुम्ही काही करू शकत नाही, फक्त ती ओळखता आली पाहिजे.

आता पांढऱ्याफटक चेहऱ्यांकडे येतो. त्याची दोन कारणं असतात आणि लोक ती एकच समजतात.

पहिलं कारण म्हणजे चकाकी. त्वचेवर पडलेला काही उजेड वरच्या थरावरूनच, आरशासारखा परततो. त्यात त्वचेचा रंग नसतोच, तो दिव्याचाच रंग असतो. बाकीचा उजेड आत शिरतो, विखुरतो, रक्त आणि मेलॅनिन यांच्यातून वाट काढत बाहेर येतो. चेहऱ्याचा खरा रंग म्हणजे हा दुसरा उजेड. कॅमेऱ्यावरचा लहानसा फ्लॅश सरळ तोंडावर मारला की कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड इथे ती आरशासारखी चमक एकवटते आणि खालचा रंग झाकला जातो. दिवा मोठा झाला, म्हणजे छत किंवा छत्री किंवा सॉफ्टबॉक्स आला, की तीच चमक मोठ्या भागावर पातळ पसरते आणि रंग पुन्हा दिसू लागतो. म्हणून बाउन्सने रंग सुधारतो असं जे आपण म्हणतो, त्यामागे खरं तर चमक पसरली जाणं हे कारण आहे. चेहरा एकदा कोरड्या टिश्यूने टिपून घ्या. घासू नका, लाली येते. आणि मेकअपमध्ये किंवा सनस्क्रीनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असेल, तर समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये चेहरा मानेपेक्षा पांढरा निघतो. तिथे कॅमेऱ्यात काहीच बिघडलेलं नसतं. फ्लॅश समोरून हलवून बाजूला न्या.

दुसरं कारण म्हणजे जास्तीचं एक्स्पोजर. गोरा असो, गव्हाळ असो वा काळा, माणसाच्या त्वचेत लाल सर्वांत जास्त, मग हिरवा आणि मग निळा, हा क्रम बदलत नाही. त्यामुळे उजेड वाढत गेला की लाल चॅनेल, म्हणजे फोटोतला लालचा वेगळा आकडा, सर्वांत आधी २५५ला, त्याच्या कमाल मर्यादेला, जाऊन अडकतो. हिरवा मात्र चढतच राहतो. लाल थांबलाय आणि हिरवा वाढतोय, म्हणजे रंग पिवळ्याकडे सरकणार. उडालेल्या कपाळाभोवती जो पिवळट पट्टा दिसतो तो हाच. साधा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघून हे कळत नाही, कारण तिथे तिन्ही रंगांची सरासरी दिसते. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम असतो, तो चालू करा आणि लालची उजवी कड तपासा. पिवळ्या दिव्यांच्या खोलीत हे आणखी लवकर होतं.

टीटीएलवर, म्हणजे कॅमेरा भिंगातून उजेड मोजून फ्लॅशची ताकद स्वतःच ठरवतो त्या सोयीवर, डोळे झाकून विसंबू नका, हेही याच ओघात सांगतो. पांढरे कपडे घातलेलं माणूस फ्रेमभर असेल तर फ्लॅश आवरता घेतो आणि चेहरा मळकट येतो. काळे कपडे आणि मागे अंधार असेल तर जोर लावतो आणि चेहरा उडतो. पहिल्याला फ्लॅशची भरपाई अधिक पाऊण ते एक स्टॉप, दुसऱ्याला उणे पाऊण स्टॉप, इथून सुरुवात करा. माणूस एका जागी बसणार असेल तर मॅन्युअलच, म्हणजे ताकद हाताने ठरवणंच, बरं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, एवढं ध्यानात ठेवलं की पुरतं.

सावळ्या आणि काळ्या त्वचेबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण इथे सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या मला मनापासून खटकतात. रंगीत छपाई तपासायला एके काळी कोडॅकची शर्ली कार्ड वापरली जात. त्यांवर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे आणि तिची त्वचा बरोबर आली की छपाई बरोबर, असा हिशेब होता. कार्डं गेली तरी ती सवय पुरती गेलेली नाही. अनेक जण काळा चेहरा दिसला की एक्स्पोजर वाढवतात, सावल्या उचलतात आणि चेहरा राखाडी करून ठेवतात. काळी त्वचा उजळ करायची नसते, तिच्यावरची चमक घडवायची असते. मोठा दिवा बाजूने, जरा जवळ आणा. गालाच्या हाडावर, कपाळाच्या कडेला रुंद, मऊ उजाळा उमटतो आणि चेहऱ्याची घडण त्यातूनच दिसते. मधला भाग गडद राहिला तरी तो तसाच हवा. एकाच फोटोत गोरं आणि काळं माणूस शेजारी असतील तर एक्स्पोजर गोऱ्या चेहऱ्याचा लाल चॅनेल वाचेल इतपत ठेवा आणि दिव्याचा झोत, किंवा खुद्द बसायची जागा, अशी फिरवा की काळ्या चेहऱ्याला उजेड जवळून मिळेल.

व्हाइट बॅलन्स मोजताना करडं कार्ड चेहऱ्याच्या शेजारी, त्याच कोनात धरून, फ्लॅश मारूनच एक फोटो घ्या. कोरा कागद वापरू नका. कागदात आणि कपड्यांच्या धुलाई पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात, ती फ्लॅशमधल्या अतिनील किरणांनी निळसर उजळतात. संगणकावर पांढऱ्या शर्टावर ड्रॉपर (रंग टिपणारी खूण) टेकवून व्हाइट बॅलन्स घेतला की शर्ट पांढरा होतो आणि चेहरा पिवळा, ते याचमुळे. डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात यांवरही टेकवू नका, ते मुळात करडे नसतात. हाताशी कलरचेकर, म्हणजे रंग तपासायचं चौकटींचं कार्ड, असेल तर उत्तम. १९७६ सालापासून चालत आलेल्या त्या २४ चौकटींतल्या पहिल्या दोन गडद आणि फिकट त्वचेच्याच आहेत. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढा, म्हणजे करड्या कार्डाचा आकडा सगळ्या फोटोंना एकदम लावता येतो.

त्यानंतर संगणकावर फारसं काही उरत नाही, आणि उरू नये. तापमान आधी, टिंट नंतर. टिंटमध्ये तीन-चार आकड्यांचा फरकही चेहऱ्यावर कळतो, म्हणून हळू हात ठेवा. सॅच्युरेशनला हात लावू नका, रंग हवा असेल तर व्हायब्रन्स थोडा वाढवा, कारण तो त्वचेच्या रंगांना सांभाळून घेतो. गालावर कर्सर ठेवून आकडे बघायची सवय लावा. लाल, हिरवा, निळा या क्रमाने ते उतरत गेले पाहिजेत. निळा हिरव्याच्या वर गेलेला दिसला तर चेहरा किरमिजी झालाय, डोळ्यांना तोपर्यंत सवय झाली असेल तरीही. पडद्याचा रात्रीचा पिवळा मोड बंद आहे ना, हे आधी पाहा. यावरून एक फार चांगला फोटोग्राफर अख्खी रात्र निळे चेहरे बनवत बसला होता, मी त्याच्या शेजारीच होतो.

आज रात्री एवढंच करून पाहा. घरातल्या एका माणसाला भिंतीपासून दोन-तीन पावलं पुढे खुर्चीवर बसवा आणि रॉमध्ये तीन फोटो घ्या. पहिला फ्लॅश बंद करून, १/२००, एफ ५.६, आयएसओ ४००. दुसरा त्याच सेटिंगवर, फ्लॅश पांढऱ्या छतावर मारून. तिसरा सीटीओ लावून, व्हाइट बॅलन्स ३२००, शटर १/५०, एफ ४, आयएसओ ८००. तिन्ही शेजारी शेजारी उघडा, दुसऱ्या-तिसऱ्यातली हनुवटीखालची सावली मोठी करून बघा. तिसऱ्यात ती अजून गालापेक्षा केशरी असेल तर तुमचा दिवा जेलपेक्षा पिवळा आहे, पाव सीटीओ आणखी चढवा. थंड, निळसर असेल तर अर्ध्यावर या.